कम्पायलरची काटकसर

कम्पायलर म्हणजे दुभाषा. आपण लिहिलेला प्रोग्राम तो मेनफ्रेम नावाच्या अवाढव्य कम्प्युटरच्या भाषेत उतरवतो. बाकी त्याला ना नातं ना गोतं. त्या ऑफिसात नवा कम्पायलर आला तो मात्र भलताच काटकसरी निघाला. प्रोग्राममधला आकडा ठेवायचा जो कप्पा कुठेच वापरला जात नाही, तो सरळ गाळायचा आणि छापायचा, 'वापर नाही. काढले.' त्या कप्प्यासाठीच दुसरा एखादा ठेवला असेल, तर पाठोपाठ तोही जायचा.

आकड्यांच्या या कप्प्यांना घरच्यांची नावं द्यायची तिथे सगळ्यांना खोड. ऑपरेटरने एकाला आपल्या कुत्र्याचं नाव दिलं. कम्पायलरने ते काढलं, आणि संध्याकाळी कुत्रा दारात मरून पडलेला. "म्हातारा झाला होता हो," म्हणून तो हसला. मग कार्डांवर छिद्रं पाडून प्रोग्राम उतरवणाऱ्या पंचिंगवाल्या ताईंनी दिलेलं काकांचं नाव निघालं आणि काका गेले. चांगले धडधाकट, जेवता जेवता. तेव्हापासून सगळे गुपचूप कप्प्यांना नुसते नंबर देऊ लागले.

प्रोग्रामरबाई याला शुद्ध खुळचटपणा म्हणायच्या. त्यांच्या जिवाला वेगळाच घोर होता. मुलगी तापाने फणफणून हॉस्पिटलात पडली होती आणि साहेब रजा देत नव्हते.

"हॉस्पिटलातले लोक डॉक्टर आहेत की तुम्ही?" साहेब म्हणाले.

"सारखी आई आई करतेय, साहेब."

"करू दे. घसा बसला की होईल गप्प."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली मशीनच्या खोलीत येऊन त्यांनी कोरं कार्ड घेतलं आणि त्यावर छिद्रं पाडून कप्पा केला, 'साहेब'. वापर कुठेच नाही. पण रिकामा कप्पा कम्पायलर घेत नसे. त्यात काहीतरी घालावंच लागे. रागाच्या भरात त्यांनी आपल्याच जुन्या गठ्ठ्यातलं हाताला लागलं ते कार्ड ओढलं. त्यावरच्या कप्प्याचं नाव होतं 'मुलगी'. त्यातला आकडा 'साहेब' कप्प्यात टाकला आणि कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरला दिला.

"मर मेल्या एकदाचा," त्या पुटपुटल्या. जरा बरं वाटलं.

प्रिंटर खडखडला. वर काहीतरी धप्पकन पडलं.

ऑपरेटर वर धावला आणि पांढराफटक होऊन परतला. "बाई, साहेब गेले!"

 खरं सांगायचं तर बाईंना मनातून आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. आता अडवणार कोण? त्यांनी पर्स उचलली.

प्रिंटर अजून चालूच होता.

'साहेब: वापर नाही. काढले.'

'मुलगी: फक्त साहेबांसाठी होती. काढले.'

ऑपरेटरने न वाचताच कागद फाडला, नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला.

"निघा बाई," तो हळूच म्हणाला. "पोरगी वाट बघत असेल."