तडकलेल्या स्टिअरिंगची पूजा

आमच्या फियाटचं स्टिअरिंग तडकलं ते ऑक्टोबरच्या उन्हानं. शहाऐंशी साल. वाशीत घरं मिळत होती, पण सावलीचं वाटप अजून व्हायचं होतं. सेक्टरभर रुंद रिकामे रस्ते आणि कडेला लाठीएवढी झाडं. गाडी दिवसभर बिल्डिंगखाली तापत राहायची. एका दुपारी दार उघडून बसले तर काळ्या प्लास्टिकच्या कड्यावर, डाव्या हाताचा अंगठा टेकतो नेमक्या तिथं, चांगली बोटभर चीर गेलेली. आतलं लोखंड दिसत होतं.

एरवी मी लक्षही दिलं नसतं. पण याच गाडीवर मी बायकांचा ड्रायव्हिंग क्लास काढला होता. गिरगावच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, वाशीला राहायला आल्यावर ती नोकरी सुटली आणि घरी बसून पापड लाटणं हा काही माझा पिंड नाही. सेकंडहँड फियाट घेतली, शेजारच्या सीटपुढे माझ्यासाठी जादा ब्रेक बसवून घेतला आणि शिकणाऱ्या बायका गोळा केल्या. परवाना मात्र अजून हंगामी होता. दिवाळीआधी आरटीओचे साहेब येणार, गाडी तपासणार, माझ्या एका विद्यार्थिनीला गाडी चालवायला लावणार आणि मग पक्का परवाना द्यायचा की नाही ते ठरवणार. नाही म्हणाले की क्लास बंद.

माझे धाकटे दीर नंदकुमार या दिवसाकडे डोळे लावून बसले होते. दर रविवारी ते चेंबूरहून जेवायला यायचे आणि तोंडी लावायला मला घ्यायचे.

"वहिनी, बायकांनी बायकांना गाडी शिकवायची म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला रस्ता दाखवायचा. आता स्टिअरिंग पण फुटलं. विकून टाका गाडी आणि लोणची घाला. तुमचं लोणचं फर्स्ट क्लास असतं."

माझे यजमान अरविंद यावर फक्त हसायचे. ते बँकेत होते आणि दिवसभर लोकांशी बोलून आल्यामुळे घरी फारसे बोलत नसत. मी विचारलं, "दुरुस्त करू की बदलू?" तर म्हणाले, "गाडी तुझी, क्लास तुझा."

मी जवळच्या पावणे गावाला गेले. तिथल्या कारखान्यांच्या रांगेत बंडूचं गॅरेज होतं. त्यानं चिरेत नख घालून पाहिलं.

"मॅडम, टेन्शन नाय. ॲरल्डाइटनं भरून देतो, एकदम मजबूत. पण दिसेल. साहेब बोलेल, जोडलेलं स्टिअरिंग चालनार नाय. नवीन घ्यायचं तर मुंबईवरून मागवतो, येईल दिवाळीच्या तोंडावर."

मी नवीन मागवायला सांगितलं आणि तोवर आहे तसंच चालवायचं ठरवलं.

मध्ये दसरा आला. सकाळी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची, म्हणून स्टिअरिंगलाही हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. थोडं कुंकू चिरेत सांडलं. सासूबाई जिन्याच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या.

"जयमाला, पूस ते. भंगलेल्याची पूजा करू नये."

"आई, ते मूर्तीचं झालं. हे स्टिअरिंग आहे."

"हात जोडलेस ना त्याला? मग झालं." त्या खाली आल्या नाहीत. "भंगलं की देव उठून जातो. जागा रिकामी राहते. रिकाम्या जागेला हाक मारू नये, भलतंच कोणी ओ देतं."

मी विज्ञानाची बाई. हसले आणि फडकं घेतलं. वरचं कुंकू निघालं, चिरेतलं राहिलं.

चार-दोन दिवसांनी मी एकटीच तुर्भ्याकडून येत होते. रस्ता सरळ, मोकळा. एकाएकी डाव्या अंगठ्याला कडकडून चिमटा बसला. मी "आई गं" म्हणत ब्रेक दाबला. त्याच क्षणी डावीकडच्या कच्च्या रस्त्यावरून मुरूम भरलेला डंपर हॉर्न न देता धाडकन पुढ्यात आला आणि धुरळा उडवत निघून गेला. थांबले नसते तर त्या मुरुमाखालीच गेले असते.

अंगठ्यावर लाल वळ उठला होता. चीर होती तशीच होती. मी स्वतःला समजावलं: ऊन कलल्यावर प्लास्टिक आकसलं, चीर मिटली, कातडी अडकली. डंपर हा योगायोग. बंडूलाही हे पटलं. मग मी त्याच्याकडून चीर भरूनच घेतली. त्यानं ती घासून अशी गुळगुळीत केली की बोट फिरवलं तरी समजू नये. चिरेची फक्त एक तांबूस रेघ दिसायची.

माझ्या विद्यार्थिनींमध्ये गोजरा सगळ्यांत जिद्दीची. ती खाडीकाठच्या दिवाळे गावची, कोळ्यांची सून. तिचा नवरा हिरामण होडी घेऊन खाडीत जायचा, ही मासळी विकायची. टेम्पोवाला वेळेवर येत नसे, बर्फ वितळायचा, मासळी नरम पडायची आणि व्यापारी भाव पाडायचे. गोजराला स्वतःचा टेम्पो चालवायचा होता. साहेबांसमोर मी तिलाच बसवणार होते.

त्या सकाळी आम्ही बेलापूरच्या किल्ल्याकडून दिवाळ्याच्या रस्त्याला लागलो होतो. गोजरा छान चालवत होती. अचानक किंचाळली आणि गाडी जागच्या जागी थांबवली.

"बाई, यानं मना चिमटा काढला!"

मी तिला काही सांगणार, तोच डावीकडच्या अर्धवट इमारतीची बांबूची परांची कलली आणि सबंध रस्त्यावर आडवी कोसळली. आमच्या बॉनेटपासून हातभर अंतरावर.

गडी माणसं धावली, आरडाओरडा झाला. कोणाला लागलं नव्हतं. गोजरा मात्र बांबूंकडे बघतच नव्हती. ती अंगठा धरून स्टिअरिंगकडे बघत होती.

"कोन हाय ह्यात?" तिनं हळूच विचारलं.

मी अंगठा टेकतो ती जागा चाचपून पाहिली. काचेसारखी गुळगुळीत. तिथं कातडी अडकायला फटच उरली नव्हती.

खरं सांगते, मला भीती वाटली. पण भीतीच्या मागोमाग जे आलं ते वेगळंच होतं. मला आनंद झाला. त्या आठवड्यात आणखी दोघींना चिमटा बसला. एकीपुढे सायकलवाला आला, दुसरीपुढे म्हैस. दर वेळी डावा अंगठा आणि दर वेळी डावीकडून. माझ्या बायका वाऱ्यालाही दाद देईनात. गाडी अशी चालवायच्या की रिक्षावाले वळून बघत. मी जादा ब्रेकवरचा पाय काढून घेतला. इतकी वर्षं शिकवलं, पण असा मदतनीस मला कोणत्याही शाळेनं दिला नव्हता.

आणि नेमकं तेव्हा मुंबईहून नवीन स्टिअरिंग आलं.

"बदलू ना?" बंडूनं विचारलं.

मला बदलायचं नव्हतं. पण जोडलेलं स्टिअरिंग साहेबांनी पाहिलं असतं तर सगळंच गेलं असतं. गाडीजवळ मी कितीतरी वेळ उभी राहिले आणि मग म्हटलं, "बदल."

जुनं स्टिअरिंग बंडू भंगारात टाकणार होता. सासूबाईंनी ऐकलं नाही. पूजा झाली आहे, ते पाण्यातच गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः दिवाळ्याला आल्या. धक्क्यावर जाळी वाळत होती, बोंबील टांगलेले होते. सासूबाईंनी नाकाला पदर न लावता सगळं यथासांग केलं. अक्षता वाहिल्या, दहीभात ठेवला, म्हणाल्या, "आपल्या वाटेनं जा." हिरामणनं ओहोटी बघून होडी काढली आणि खोल पाण्यात ते सोडून दिलं. परत आल्यावर म्हणाला, "दगडासारखा तलाला गेला, आजी."

सासूबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र वाईट वाटलं.

साहेब आले ते टापटीप, कमी बोलणारे. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, नव्या स्टिअरिंगवरून हात फिरवला. मग माझ्या जागी स्वतः बसले. मी मागे. गोजरानं नऊवारीचा पदर खोचला आणि गाडी काढली.

"मच्छी विकता आणि गाडी चालवणार?" साहेबांनी विचारलं.

"मच्छी विकायलाच चालवनार हाय, साहेब."

ते हसले नाहीत. गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली. डावीकडे एसटी उभी होती, रस्ता मोकळा होता.

"थोडी वेगात घ्या," साहेब म्हणाले.

गोजरानं गियर बदलला.

आणि करकचून ब्रेक मारला.

साहेबांचं डोकं काचेला लागता लागता राहिलं. ते रागानं तोंड उघडणार, तोच एसटीच्या आडून एक म्हातारे गृहस्थ, हातात भाजीची पिशवी, खाली मान घालून आमच्या बंपरसमोरून रस्ता ओलांडून गेले. त्यांना काही समजलंही नाही.



"तुम्हाला ते दिसले कसे?" साहेबांनी शेवटी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

गोजरानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. अंगठा वर केला. नव्या कोऱ्या, अखंड स्टिअरिंगवरून उचललेल्या त्या अंगठ्यावर लाल वळ होता.

"बाईंनी शिकवलाय," ती म्हणाली.

परवाना त्याच दिवशी मिळाला. साहेब जाताना म्हणाले की अशी चालवणारी माणसं त्यांनी फार थोडी पाहिली आहेत. गोजरानं मला मिठी मारली. तिच्या अंगाला खाऱ्या वाऱ्याचा वास होता आणि आम्ही दोघी रडत होतो. स्टिअरिंग खाडीच्या तळाशी होतं आणि त्यात जे कोणी होतं ते आमच्याकडे राहिलं होतं. ते आमचं होतं. मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

रविवारी घरी पेढे. नंदकुमार आले, सासूबाई होत्याच. गोजराला मी बोलावून घेतलं होतं. ती जमिनीवर बसायला लागली, तर हाताला धरून सोफ्यावर माझ्या उजव्या बाजूला बसवलं. अरविंद माझ्या डाव्या बाजूला बसले होते. मी नंदकुमारना स्वतःच्या हातानं पेढा दिला.

"काय भावोजी, लोणचं केव्हा घालू?"

"हरलो, वहिनी!" त्यांनी कान धरले. "आता आमच्या हिला पण शिकवा. पण मला शेजारी बसवू नका म्हणजे झालं."

सगळे हसले. सासूबाईसुद्धा हसल्या. मी तर इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात चिमटा बसला.

डाव्या अंगठ्याला, कडकडून. माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. बाकी काही नव्हतं.

मी जागच्या जागी थिजले. उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला.

गोजराचाही पाय दाबलेला होता. तिनं अंगठा मुठीत घट्ट धरला होता.

नंदकुमार बोलत होते. सासूबाई दुसरा पेढा घेत होत्या.

आम्ही दोघींनी एकदमच डावीकडे पाहिलं, दर वेळी संकट आलं होतं त्या बाजूला.

अरविंद माझ्याकडे बघत होते, कौतुकानं. पेढा त्यांनी हातात तसाच धरला होता, आणि काहीतरी सांगण्यासाठी ते तोंड उघडत होते.