आडवी बाटली

पाव विकणाऱ्या पोदेराने दारात सायकल थांबवून भोंपू वाजवला, पण विश्राम परबांचं दार काही उघडलं नाही. शेजारची चंद्रावती हाका मारत मागच्या दाराने आत गेली आणि तशीच उलट्या पावली बाहेर आली. तासाभराने पेडण्याहून पोलिसांची जीप पार्श्याला पोचली.

घर डोंगराच्या उतारावर होतं. स्वयंपाकघरातून दगडी पायऱ्या खालच्या अंधाऱ्या खोलीत उतरत होत्या. शेवटच्या पायरीशी विश्राम परब पडले होते. डोक्यामागे रक्त वाळलं होतं.

उपनिरीक्षक जयराम शेट्ये खाली वाकले. मृताच्या डोक्याखाली टॉवेल होता, नीट चौपदरी घडी घातलेला.

"बाबली, हा टॉवेल कोणी ठेवला?"

हवालदार बाबलीने चंद्रावतीकडे पाहिलं. तिने मान हलवली. "मिया हात लावूक ना, साहेब. बघितलंय आणि भायर धावलंय."

पडलेला माणूस स्वतःच्या डोक्याखाली टॉवेलाची घडी घेत नाही.

विश्राम तारवटी होते. उभा जन्म बोटीवर गेला होता, साहेबलोकांच्या जेवणाच्या टेबलाशी. निवृत्त होऊन गावी आले ते पांढऱ्या वायनच्या बाटल्या घेऊन. खालच्या खोलीत त्या वाळूत ओळीने आडव्या निजवलेल्या होत्या. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं, काजूच्या बोंडांचा वास गावभर होता, पण त्या खोलीत गारवा होता. उजेड नव्हता.

वर मोरीच्या कडेला दोन ग्लास धुऊन पालथे घातलेले होते. जयरामांनी फ्रिज उघडला. आत अर्धी भरलेली वायनची बाटली आडवी होती. बुचातून थोडी वायन गळून खालच्या भाजीच्या पेटीत साचली होती.

ओटीवरच्या भिंतीत एक खिळा होता. त्याच्याखाली चुन्याचा चौकोन भोवतालच्या भिंतीपेक्षा पांढरा दिसत होता.

"काल संध्याकाळी कोण आलं होतं?" जयरामांनी विचारलं.

"माका खबर ना. मिया देवळात भजनाक गेलेलंय. शुक्रवारी मात्र गौरेश इलेलो, पुतण्यो. मोठ्यान बोलत होते दोघय."

"कशावरून?"

"त्या बाटल्यांवरून."

म्हापशाच्या डॉक्टरांनी दुपारी निकाल दिला. पडले रविवारी संध्याकाळी, प्राण गेला सोमवारी पहाटे. "वेळेवर आणला असता तर वाचला असता," ते म्हणाले. जयरामांना ते वाक्य परतीच्या वाटेवर छळत राहिलं. कोणीतरी टॉवेल ठेवला होता. कोणीतरी ग्लास धुतले होते. आणि मग दार ओढून ते माणूस निघून गेलं होतं.

गौरेशचा म्हापशात बार होता. त्याने काकांना अग्नी दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून पार्श्याला आला. डोळे सुजलेले होते.

"का भांडलास?"

"बाटल्या मागितल्या. पर्यटक चांगला भाव देतात. काका म्हणाले, या विकायच्या नाहीत, आनंदाच्या दिवशी उघडायच्या आहेत. मी म्हटलं, शशी गेल्यावर या घरात आनंद येणार कुठून?" त्याने रुमालाने डोळे पुसले. "शेवटचं बोललो ते हे."

शशिकांत हा विश्रामांचा एकुलता मुलगा. शहाऐंशीच्या पावसात, मुरगावला खनिज नेणाऱ्या बार्जवरून तो मांडवीत पडला. त्याची बायको सुमंगला दिवसकार्य झाल्यावर डिचोलीला माहेरी गेली.

"रविवारी संध्याकाळी कुठे होतास?"

"बारमध्ये. गिऱ्हाइकं होती, विचारा."

बाबलीने ते आधीच विचारून घेतलं होतं. गौरेश खरं बोलत होता. जयरामांनी फ्रिजमधली बाटली काढून त्याच्या हातात दिली.

"ही कधी उघडली असेल?"

गौरेशने थोडी वायन ग्लासात ओतली, उजेडात धरली, हुंगली. "रंग अजून फिका आहे, वासही ताजा. दोन-चार दिवसांपलीकडची नाही. आणि उघडल्यावर लगेच थंडीत ठेवलीय. या उकाड्यात रात्रभर बाहेर राहिली असती तर काळवंडून आंबली असती."

त्याने बूच दाबून बसवलं आणि बाटली फ्रिजच्या दारात उभी केली. जयराम बघत होते.

"उभी का ठेवलीस?"

"उघडलेली उभीच ठेवायची, साहेब. काकांनीच शिकवलं. गेल्या वर्षी गोवा राज्य झालं, त्या दिवशी पहिली बाटली फोडली तेव्हा. आडवी ठेवली तर वायनीला वारा जास्त लागतो. आणि एकदा ओढलेलं बूच गळतं."

"मग खालच्या आडव्या का?"

"त्या बंद आहेत. बंद बाटलीचं बूच ओलं राहावं लागतं. सुमंगलावहिनीने लावल्या त्या. काका पायरीवर बसून सांगायचे, ती वाळूत एकेक निजवायची. लेकीसारखी होती त्यांना."

"वहिनीने बाटली उघडलेली कधी बघितली?"

"नाही. राज्य झालं तेव्हा ती माहेरी गेलेली होती."

जयरामांनी खिळ्याकडे बोट केलं. "इथे काय होतं?"

गौरेशने भिंतीकडे पाहिलं. त्याच्या ते आता लक्षात आलं. "शशीच्या लग्नाचा फोटो."

डिचोलीला जाताना जीपमध्ये जयरामांना आपल्या बहिणीची आठवण झाली. ती त्यांच्याच घरी होती. तरुणपणी विधवा झालेली, भावाच्या संसारात केस पिकवलेली. तिला कोणी कधी विचारलं नव्हतं, तुला पुन्हा संसार हवा का म्हणून.

सुमंगलाच्या भावाने, रामाने, त्यांना सोप्यावर बसवलं. सासऱ्यांच्या अंत्यविधीला ती का आली नाही असं विचारताच तो म्हणाला, "बरं नव्हतं तिला." मागोमाग, आवाज खाली आणून, "साहेब, पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे. कुडाळची माणसं आहेत. पोलिसांची जीप दारात बरी दिसत नाही."

सुमंगला आली, खांबाला टेकून उभी राहिली. तिशीही न गाठलेली, पण डोळ्यांखाली काळं.

"मामंजींकडे शेवटच्या कधी गेला होता?"

"वर्षश्राद्धाला."

"त्यांच्या बाटल्या तुम्ही लावल्यात म्हणे."

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर माया दाटली. "फार जपायचे. आडव्या ठेव म्हणायचे. बूच सुकलं की आत वारा जातो आणि वायन मरते. ऊन नको, उजेड नको, उगीच हलवायची नाही."

"आणि उघडलेली बाटली?"

"तीही तशीच. बूच लावून आडवी, थंडीत."

पुढचं बोलायचं जयरामांच्या जिवावर आलं होतं.

"नाही, सुमंगलाताई. उघडलेली उभी ठेवतात. मामंजींनी ती उभी ठेवली असती. गौरेशनेही. चंद्रावती बाटलीला शिवलीही नसती. रविवारी ती आडवी ठेवली ती अशा कोणीतरी, जी मामंजींकडून अर्धीच गोष्ट शिकली होती. पुढची अर्धी शिकवायची वेळच आली नाही."

रामा उठला. "साहेब, हे काय बोलता?"

"बसा. वायन ताजी होती, म्हणजे ती त्याच संध्याकाळी थंडीत गेली. ज्याने ठेवली तो माणूस मामंजी पडले तेव्हा घरात होता. त्याने ग्लास धुतले, डोक्याखाली टॉवेल दिला. चोर असं करत नाही, वैरीही नाही. आणि घरातून एकच वस्तू गेली, लग्नाचा फोटो." ते रामाकडे वळले. "कुडाळच्या माणसांना सांगितलंय, ही विधवा आहे म्हणून?"

रामाने मान खाली घातली.

सुमंगला आत गेली. बाबली उठू लागला, जयरामांनी त्याला हाताने थांबवलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात चौकट होती. हार घातलेला शशिकांत, शेजारी ती, मागे पांढऱ्या सदऱ्यात विश्राम.

"फाडायला आणला होता," ती म्हणाली. "फाडवला नाही."

मग ती खाली बसली आणि सांगू लागली.

"लग्न ठरलं म्हणून सांगितलं, तर मामंजी रडले. म्हणाले, पोरी, माझी काळजी मिटली. खाली गेले, बाटली घेऊन आले, स्वतः ओतली. मी लग्नाला येणार, बापाच्या जागी उभा राहणार, म्हणाले. मग मला सांगावं लागलं, तुम्ही यायचं नाही. कोणी विचारायला आलं तर शशीचं लग्नच झालं नव्हतं म्हणायचं. आणि हा फोटो द्या."

"मग?"

"हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, माझा झील पाण्यात गेला, आता भिंतीवरूनही न्यायचा? फोटो उतरवून खालच्या खोलीत लपवायला निघाले. पायऱ्यांच्या तोंडाशी मी धरला. ते ओढत होते, मीही ओढत होते. मी जोरात हिसडा दिला." तिने हात उघडून तळव्यांकडे पाहिलं. "फोटो माझ्या हातात राहिला."

"ते श्वास घेत होते?"

"घेत होते."

"शेजारी हाक का मारली नाही?"

"चंद्रावतीकाकूंचं दार बंद होतं. पुढच्या घरी जायला निघाले. अंगणापर्यंत गेले. मग वाटलं, सगळ्यांना कळणार, मी आले होते ते, का आले होते ते. परत फिरले. टॉवेल दिला, ग्लास विसळले. बाटली ओतून टाकवेना, केवढ्या हौसेने उघडली होती. तशीच निजवून ठेवली आणि शेवटच्या बसला धावले."

रामा कपाळाला हात लावून बसला होता. हे खोटं त्यानेच रचलं होतं, बहिणीचं बरं व्हावं म्हणून. आत त्यांची आई हुंदके देऊ लागली.

"साहेब," सुमंगलाने विचारलं, "मी गेल्यावर लगेच गेले ना ते?"

अशा वेळी हो म्हणायची जयरामांना सवय होती. कितीतरी घरांत त्यांनी तसं म्हटलं होतं. पण डॉक्टर कोर्टात उभे राहणार होते, आणि तिथे ते परक्यांदेखत ऐकण्यापेक्षा इथे ऐकलेलं बरं.

"नाही. पहाटेपर्यंत होते."

ती रडली नाही. उठून ती आत गेली. तिने हातातल्या नव्या बांगड्या एकेक काढून आईजवळ दिल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि स्वतःच जीपकडे चालू लागली.

जीपच्या दाराशी ती थांबली.

"तुमच्याकडे कोठडीत मला सुतक पाळू देतील का? सून आहे मी त्यांची."

"पाळा," जयराम म्हणाले, आणि तिला चढायला हात दिला.