चतुर्दशीचा चहा

चंदनबाला साताऱ्यात विष्णुपंतांच्या दारात उतरली तेव्हा तिच्या पातळावर काजळी बसली होती. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते आणि सांगलीची मोटार कोळशाच्या गॅसवर धापा टाकत येत असे.

विष्णुपंत पूर्वी फौजदार होते. बेचाळीस साली मोर्चावर लाठी चालवायला नकार देऊन त्यांनी नोकरी सोडली होती. आता लोकांच्या खासगी भानगडी सोडवून ते पोट भरत. त्यांच्याशेजारी बसलेला धिप्पाड माणूस म्हणजे नाथाजी, एके काळचा पैलवान. पंत जातील तिथे तो जाई. एखादी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागे, पण एकदा शिरली की बाहेर पडत नसे.

चंदनबालेने घडलेले सांगितले. सांगलीत त्यांच्या जैन घराण्याचा हळदीचा व्यापार होता. आईवडील नव्हते. घर आत्या आक्काताई चालवत आणि वखार थोरला भाऊ श्रेणिक पाही. चंदनबालेचे लग्न कागलच्या एका घराण्यात ठरले होते. लग्नात घालायचे तिच्या आईचे दागिने पितळी डब्यात, डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली आक्काताईंच्या कमरेला.

गेल्या चतुर्दशीला चंदनबाला मिरजेला दवाखान्यात मावशीला भेटायला गेली होती. दुपारी घरात तिघांनी चहा घेतला: आक्काताई, श्रेणिक आणि इस्लामपूरहून आलेला मामाचा मुलगा जिनपाल. चहा बनुबाईंनी केला. त्या दूरच्या नात्यातल्या, आष्ट्याच्या, लहानपणीच विधवा होऊन याच घरात राहिलेल्या. त्यांचा स्वतःचा उपवास होता. कप देऊन त्या पूजेला मंदिरात गेल्या. परत येऊन पाहतात तर तिघेही गाढ झोपलेले. तोवर डबा नाहीसा झाला होता.

"वैद्यांनी चहात अफू होती म्हणून सांगितलं," चंदनबाला म्हणाली. "मसाल्याचा डबाही त्यांनी पाहिला. तो स्वच्छ निघाला. म्हणजे अफू बनुबाईंनीच पातेल्यात टाकली, असं सगळ्यांनी ठरवलं. त्या आष्ट्याला भावाकडे निघून गेल्या. तिथेही कुणी त्यांच्या हातचं पाणी घेत नाही. आता दादा पोलिसांत जायचं म्हणतोय. आणि दागिने गेल्याचं कळल्यापासून कागलकरांचाही निरोप नाही."

पंतांनी विचारले, तिला दागिने शोधून हवेत की बनुबाई निर्दोष ठरायला हव्यात.

"दागिने नाही मिळाले तरी चालेल. आई गेल्यावर मला त्यांनी वाढवलंय."

दुसऱ्या दिवशी ते तिघे सांगलीला पोचले. आक्काताई सोप्यात बसल्या होत्या. बाई करारी होत्या, पण बनुबाईंचे नाव निघाले की नजर चुकवत होत्या. चहा थोडा कडवट लागला होता, असे त्यांनी सांगितले. सुंठ जास्त पडली असेल म्हणून त्या बोलल्या नाहीत. डोळे उघडले तेव्हा सूर्य मावळला होता, म्हणून जेवणही राहिले. किल्ली मात्र कमरेला जागच्या जागी होती.

त्या दिवसापासून घरात चहाच झाला नव्हता. पाहुण्यांसाठी चंदनबालेने चूल पेटवली. पंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहून पाहू लागले. साखर रेशनवर, म्हणून गूळ. तिने पाण्यात गूळ आणि चिमूटभर मसाला घालून उकळी आणली, चहाची पूड टाकली आणि पातेले उतरवून झाकले. दूध वेगळे तापवून ते शेवटी ओतले. गुळाचा चहा दुधासकट उकळला की फुटतो, असे बनुबाईंनी तिला शिकवले होते.

पंतांनी मसाल्याचा डबा मागून घेतला, चिमूट चोळून हुंगली आणि नाथाजीपुढे हात धरला.

"लय झ्याक वास हाय," नाथाजी म्हणाला. "लग्नातल्या मसालेभातासारखा."

बनुबाई मसाल्यात काय काय घालत, असे पंतांनी विचारले. सुंठ, वेलची, थोडी लवंग आणि मिरी, चंदनबाला म्हणाली. आले जमिनीखालचे म्हणून त्यांच्या घरात चालत नसे. पूर्वी दालचिनीही असायची, पण लढाईमुळे बाजारात ती येईनाशी झाली आणि बनुबाईंनी ती सोडून दिली. हा डबा त्या दिवशीचाच का, असे पंतांनी विचारले. तोच, ती म्हणाली.

चहा कपात गाळला जात असताना नाथाजीने खिडकीतून परसात पाहिले.

"आवं आक्का, हिरीजवळ गवती चहा लय माजलाय. दोन पाती टाकायची की."

"रोज टाकतोच," आक्काताई म्हणाल्या. "आज अष्टमी हाय. अष्टमी-चतुर्दशीला आमच्यात हिरवं तोडत न्हाईत."

नाथाजीने मान डोलावली आणि कप बशीत ओतला.

श्रेणिक वखारीत हळदीच्या पोत्यांमध्ये सापडला. तो तुटक बोलला. घरातल्या माणसाने असे केल्यावर पोलिसांत जाण्यावाचून दुसरा मार्ग काय, असे त्याचे म्हणणे. त्या दिवशीच्या चहाबद्दल विचारताच त्याने तोंड वाकडे केले. चहा बेचव होता, धड वास नाही, वर कडू; अर्धा कप घेऊन त्याने ठेवून दिला होता. तरी दुसऱ्या दिवसापर्यंत डोके जड होते. जिनपाल कुठे बसला होता? वाऱ्याला म्हणून कप घेऊन बाहेरच्या पायरीवर गेला होता. पुढचे श्रेणिकला आठवत नव्हते.

जिनपाल संध्याकाळच्या आत इस्लामपूरहून आला. चंदनबालेने येताना वाटेतूनच त्याला निरोप धाडला होता. तरुण, नीटनेटका, बोलायला मऊ. नाथाजीने आधी त्याच्या घरची चौकशी केली. थोरला भाऊ पलटणीत, सिलोनात आहे आणि दिवाळीला रजेवर येऊन गेला, हे कळल्यावर नाथाजीला पलटणीतल्या आपल्या चुलतभावाची आठवण झाली. दोघे पलटणीबद्दल बराच वेळ बोलले.

मग पंतांनी त्या दुपारचे विचारले.

"चहा नेहमीसारखाच फक्कड होता," जिनपाल म्हणाला. "सुंठ, वेलची आणि बनुबाईंच्या गवती चहाचा तो वास. संशय यावा असं काहीच नव्हतं. कप संपला आणि तिथेच पायरीवर डोळा लागला."

पंतांनी त्याचे आभार मानले आणि सगळ्यांना सोप्यात बोलावले.

"आधी बनुबाईंचं पाहू," ते म्हणाले. "वैद्यांना मसाला स्वच्छ मिळाला, म्हणून दोष त्यांच्याकडे गेला. पण आज डब्यात जो मसाला आहे त्यात दालचिनी आहे. बनुबाईंच्या मसाल्यात ती नसते. म्हणजे तो मसाला त्यांचा नाही. कुणीतरी त्यांच्या मसाल्यात आधी अफू मिसळली आणि चहा झाल्यावर तो फेकून दुसरा भरला. बनुबाईंना अफू घालायचीच असती तर त्यांनी ती पातेल्यात टाकली असती. मसाल्याला हात लावायचं त्यांना कारण नव्हतं. आणि बदलायचाच झाला असता, तर न मिळणारी दालचिनी त्यांनी कुठून आणली असती?"

"मग कोण?" श्रेणिक म्हणाला.

"ज्यानं चहा घेतलाच नाही तो. कारण अफू पातेल्यात उतरली होती. पिणारा प्रत्येक जण झोपणार होता. आक्काताईंना चहा कडू लागला. तुम्हालाही कडू लागला, शिवाय वास नव्हता असं तुम्ही म्हणालात. वास का नव्हता? त्या दिवशी चतुर्दशी होती. गवती चहाचं पातं कुणी तोडलंच नव्हतं."

नाथाजीने सावकाश मान वळवून जिनपालकडे पाहिले.

"जिनपालना मात्र तो वास आला," पंत पुढे म्हणाले. "कडूपणा लागला नाही. तिथीचा नियम त्यांनाही ठाऊक आहे. पण चहा त्यांनी पायरीवरून खाली ओतला होता, मग मला सांगताना एरवी इथे पितात त्या चहाची चव सांगितली. बाजारात नसलेली दालचिनी सिलोनातून आलेल्या माणसाच्या घरी असते. घरात दोघं झोपलेली आणि बनुबाई मंदिरात. किल्ली काढून परत खोचायला आणि मग पायरीवर झोपेचं सोंग घ्यायला भरपूर वेळ होता. एकच गोष्ट मला कळली नाही, जिनपाल, हे कशासाठी केलंत. पैशाची नड तुमच्याकडे पाहून दिसत नाही. इतकं करून तुम्ही एकही दागिना विकला नसावा, असं मला वाटतं. खरं ना?"

जिनपालने नाकारले नाही. डबा त्याच्या घरी ट्रंकेत जसाच्या तसा होता. अफू वडिलांच्या दुखण्यासाठी आणलेली. हे दागिने त्याच्याच घरातून त्याच्या आत्याबरोबर, म्हणजे चंदनबालेच्या आईबरोबर, या घरात आले होते, असे तो खाली बघून सांगू लागला. मामाच्या मुलाला मुलगी द्यायची रीत होती. लहानपणापासून सगळे तेच बोलत आले आणि मग अचानक आक्काताईंनी कागलचे स्थळ पक्के केले. दागिने नसले की ते लोक मागे हटतील, आणि मग आपण तिला तसेच मागू, असे त्याने ठरवले होते.

आक्काताईंचा चेहरा दगडासारखा झाला. श्रेणिक उठला, पण चंदनबालेने त्याला हाताने थांबवले.

"तू मला विचारलं असतंस तर मी काय म्हणाले असते, ते आता मलाही सांगता येणार नाही," ती जिनपालला म्हणाली. "पण बनुबाईंना सगळे चोर म्हणत होते तेव्हा तू इथेच बसला होतास. आणि गप्प होतास."

त्याच संध्याकाळी नाथाजी जिनपालबरोबर इस्लामपूरला गेला आणि सकाळी डबा घेऊन आला. प्रकरण पोलिसांत गेले नाही. दागिने सापडल्याचे कळताच कागलकरांचाही लग्नाचा निरोप आला. जिनपालचे त्या घरी येणे मात्र कायमचे थांबले.

आक्काताई स्वतः आष्ट्याला गेल्या. बनुबाईंच्या भावाचे घर भर आळीत होते. आक्काताई आत गेल्या नाहीत. अंगणातच उभ्या राहून शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी चोर कोण निघाला ते सांगितले. नाव घ्यायला त्यांना जड गेले, तरी घेतले.

"मी शहानिशा न करता तुला घालवलं," त्या म्हणाल्या. "चूक माझी हाय. घरी चल."

बनुबाई दारातच उभ्या होत्या. इतकी वर्षे त्या आक्काताईंपुढे नजर खाली ठेवून बोलत आल्या होत्या.

"येईन," त्या म्हणाल्या. "लग्नाला येईन. पर चुलीपाशी बसणार न्हाई, आक्का. पावणी म्हणून बोलवा."

आक्काताईंनी पिशवीतून कुंकवाने रेखलेली, कागलकरांच्या घरी द्यायची म्हणून छापून घेतलेली पहिली पत्रिका काढली आणि दोन्ही हातांनी बनुबाईंच्या हातात दिली.

माघात लग्न झाले. बनुबाई भावाच्या बैलगाडीतून आल्या. श्रेणिकने वेशीपर्यंत जाऊन गाडी आणली आणि मांडवात त्यांना मुलीच्या आईच्या जागी बसवले.