मेनच्या आधीचा श्वास

आमच्या कंपनीत श्वासाची यंत्रं बनतात. ज्यांची फुप्फुसं थकली आहेत त्यांच्या नाकावर मास्क बसवायचा, बाकीचं यंत्र बघून घेतं. यंत्रात एक प्रोग्राम असतो आणि तो 'मेन' नावाच्या भागापासून सुरू होतो, असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. मेनच्या आधी थोड्या आज्ञा चालतात, अगदी प्रोसेसरच्या भाषेतल्या. स्टॅक, म्हणजे हाताशी लागणाऱ्या तात्पुरत्या माहितीची चळत, कुठे मांडायचा ते ठरवायचं, आकड्यांच्या सुरुवातीच्या किमती जागच्या जागी नेऊन ठेवायच्या, उरलेली मेमरी शून्य करायची. पाहुणे यायच्या आधी घर झाडून ठेवावं, तसं. मग मेन येतं आणि सगळं श्रेय खाऊन जातं.

आमच्या यंत्रातली ही झाडलोट माझ्या ताईनं लिहिली होती. दोघी एकाच टेबलावर बसायचो. ताई गेली आणि मी लगेच कामावर आले. लोक म्हणाले, काळीज आहे की दगड! मला काहीच वाटत नव्हतं, त्यामुळे त्यांचं बोलणंही लागलं नाही.

आमच्या टेस्टरला सगळे शंकासूर म्हणतात. एका सकाळी तो यंत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"चालू केलं की हे लगेच एक श्वास घेतं. स्क्रीन उजळायच्या आधी."

"मेनमध्ये तसं काही नाहीये."

"तुझं मेन घाल चुलीत. आधी ऐक."

त्यानं बटण दाबलं. स्क्रीन काळी होती. यंत्रानं हवा आत ओढली, मध्येच किंचित अडखळलं, मग सोडली. त्यानंतर स्क्रीन उजळली.

ही साधी गोष्ट नव्हती. दाब मोजणारा भाग त्या क्षणी सुरूच झालेला नसतो. किती जोरानं फुंकायचं हे ठाऊक नसताना यंत्रानं फुंकलं, तर थकलेलं फुप्फुस फाटू शकतं. आणि घरी माझी आई अशाच यंत्रावर आहे.

आमच्या धंद्यात एक खोड आहे. प्रोग्राम तपासायचा डिबगर आम्ही असा लावून ठेवतो, की तो थेट मेनच्या दाराशी जाऊन थांबतो. त्याआधीचं कोणी बघतच नाही. मी तो पहिल्या आज्ञेवर थांबवला आणि एकेक आज्ञा पुढे सरकवायला लागले. शंकासूर यंत्राला कान लावून बसला.

स्टॅक मांडला गेला. काही नाही. किमती जागेवर गेल्या. काही नाही. मेमरी शून्य झाली. आता फक्त मेनकडे उडी मारायची राहिली होती. मी हात कीबोर्डवरून उचलला. प्रोसेसर थांबलेला होता.

यंत्रानं श्वास घेतला.

हवा ढकलणाऱ्या मोटारीला वीज मेन सुरू झाल्यावरच मिळते. तोवर ती मोटार म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा.

"मध्ये अडखळतो बघ," शंकासूर हळूच म्हणाला. "ती बोलायच्या आधी असंच..."

ताई काहीही सांगायच्या आधी असाच श्वास घ्यायची. लहानपणापासून.

"नळीत पाणी असेल," मी म्हणाले.

"डोंबलाचं पाणी."

मी ताईचा भाग यंत्रातून पुसला आणि नव्यानं लिहून काढला. यंत्र चालू केलं. श्वास नाही. पुन्हा पुन्हा चालू-बंद केलं, तरी नाही. मग जुनं आणि नवं शेजारी ठेवून पाहिलं. आज्ञा त्याच होत्या, क्रमही तोच. एका आकड्याचासुद्धा फरक नव्हता.

"मग बदललं काय?" शंकासूरनं विचारलं.

"लिहिणारी."

तो यंत्र उचलून निघून गेला. एरवी जाता जाता एखादी कोपरखळी मारल्याशिवाय राहत नाही.

त्याच दुपारी मी घरी गेले. जेवणानंतर आई थोडा वेळ यंत्राशिवाय बसू शकते. ती खुर्चीत बसली होती तेवढ्यात मी तिच्या यंत्रात माझा भाग भरला. तिला पलंगावर निजवलं, मास्क बसवला, बटण दाबलं. स्क्रीन गुपचूप उजळली.

आई वाट बघत राहिली.

"आज ती नाही आली?"

"कोण?"

"सोंग नको घेऊस."

"तो बिघाड होता, आई. तुझ्या जिवावर बेतलं असतं."

"रोज बटण दाबलं की वाटायचं, आता काहीतरी बोलेल. परत घाल तिला."

"नाही घालणार. मला तू हवी आहेस."

हे बोलताना डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं नाही. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. यंत्र नीट चाललं होतं, दाब अगदी बेताचा. बऱ्याच वेळानं ती या कुशीवर वळली आणि मायेनं माझा हात थोपटला.

"जाऊ दे. तुझ्यात आहे ना."

"काय?"

"सकाळी तू डोळे उघडायच्या आधी घेतेस एक. तस्साच, अडखळून. ती गेल्यापासून. मला वाटलं तुला माहितीये."

मी आईच्या पलंगाशेजारीच गादी घालून झोपते. आता जाग आली की आधी तिच्याकडे बघते. ती माझ्या आधीच उठलेली असते, कडेला सरकून माझ्यावर वाकलेली, आणि हसत असते. इतकं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मग माझे डोळे उघडलेले तिला दिसतात, आणि ते हसू मावळतं.