दाराबाहेरची आई

"बाई, तुम्ही तुमचं मूल दुसऱ्याला का दिलंत?"

बेगायिमने विचारलं आणि सायराचे कणकेतले हात जागच्या जागी थबकले. सकाळी बेगायिम राजधानीला, बिश्केकला निघणार होती. समाजकार्याच्या अभ्यासक्रमाची मुलाखत होती... अर्थात, आजीने सोडलं तर! तिथे म्हणे एका दुःखी माणसाला बोलतं करून दाखवायचं असतं. त्याच्या सरावासाठी तिने सायराला समोर बसवलं होतं आणि मूल देऊन टाकलेल्या बाईचं सोंग घ्यायला लावलं होतं. पोरीला दुसरं सोंग सुचलं नसेल? सुचलं असणार, हे तिने मुद्दाम निवडलं होतं आणि सायराला ते कळत होतं.

कारण सायराच तिची जन्मदात्री. पहिलं लेकरू आजी-आजोबांचं, ही किर्गिझस्तानातल्या नारिनकडची रीत. म्हणून बेगायिम आजीला आई म्हणे आणि सायराला वहिनी. इतक्या वर्षांत ही रीत कुणाला खुपली नव्हती, खुपली ती एकट्या सायराच्या काळजात.

कोपऱ्यात अंथरुणाला खिळलेली आजी, उमसुनाय, भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझ्या ओटीत घातलेली पोर माझ्या उशाशीच राहील, हा तिचा शब्द मोडायची घरात कुणाची छाती नव्हती.

"'का' विचारलं की माणूस मिटतं, असं तूच सांगत होतीस ना गं?" सायराने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला.

"बरं. त्या दिवशी काय झालं, ते सांगा."

"पाळण्याचा समारंभ होता. पाहुणे जेवून गेले. सासूबाईंनी पोरीला पट्ट्यांनी पाळण्यात बांधलं, पाळणा उचलला आणि आपल्या खोलीत नेला. माझी छाती दुधाने दगड झालेली... मी दाराबाहेर बसून राहिले. कुणी हाक मारली नाही."

"मग मागायचं होतंत."

"मागितलं. म्हणाल्या, पोर तुझी आठवणही काढत नाही. त्यांची स्वतःची लेक नुकतीच गेली होती गं. त्यांच्या रित्या कुशीकडे बघून माझे पाय मागे फिरले."

बेगायिम एकदम 'तुम्ही'वरून 'तू'वर आली. सोंग तिथेच संपलं. "सगळ्यांचा विचार केलास तू, वहिनी. माझा कोण करणार होतं?"

सायराने कणकेचा गोळा पुन्हा मळायला घेतला. खरंच, कोण करणार होतं?

"मी खोटं बोलले होते." भिंतीकडून थकलेला आवाज आला. "घसा बसेपर्यंत रडत होतीस तू हिच्यासाठी, आणि मी आतून कडी लावून घेतली होती. इतकी वर्षं हिच्या हातचं खाल्लं, हिच्याकडून पाय चेपून घेतले, पण एवढं सांगायला जीभ उचलली नाही..." उमसुनाय कूस बदलून रडू लागली. "सकाळी जा तू, पोरी. उद्या शिकून कामाला लागलीस की कुणाचं मूल कुठे राहील हे तू ठरवशील. तेव्हा माझ्यासारखं करू नकोस."

"पण तुझ्याजवळ कोण?"

"मी आहे की," सायरा म्हणाली. रशियात कझानला मजुरीला गेलेला नवरा वसंतात तिला बोलावून घेणार होता. ते सुख तिने एवढ्याशा बोलण्यात सोडून दिलं आणि कुणाला कळूही दिलं नाही.

मग कणकेचे हात तसेच ठेवून, सासूकडे न बघता, कुणाची परवानगी न घेता, तिने आपल्या लेकीला कुशीत ओढलं.