साडेदहाच्या एसटीतला डबा

मी थापाड्या म्हणून कॉलेजभर प्रसिद्ध आहे. तरीही हे खरं आहे. थापच मारायची असती, तर मी तिच्यात स्वतःला एवढा बावळट दाखवला नसता.

१९७८ सालचा ऑगस्ट. मंगळवार. सकाळचे साडेदहा. नाशिकचा एसटी स्टँड.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. शेजारी केळीवाला ओरडत होता.

मी केरू. दिंडोरीपलीकडच्या खेड्यातून पहिल्या वर्षाला आलेला. वर्गात कुणी ओळखेना, खोलीवर झोप येईना. घराशी एकच दोरी... रोजचा डबा. आई पहाटे भाकरी थापायची, वडील डबा कंडक्टरच्या हाती द्यायचे, मी तो स्टँडवर घ्यायचो आणि रिकामा परत पाठवायचो.

न धुता. सगळीच पोरं न धुता पाठवायची.

त्या मंगळवारी रंगनाथ भेटला. नाशिक रोडचा, वर्गातला माझा पहिलाच मित्र.

"केऱ्या, अठरा वर्षं भाकरीच खाल्लीस ना? चल, मिसळ खाऊ."

मित्र टिकवायचा होता. गेलो. डबा घ्यायला गेलोच नाही.

बुधवारी स्टँडवर कंडक्टर कोंडाजीमामा खूश दिसले.

"काल डबा धुवून दिलास रे दुपारच्या फेरीला! पोरगं सुधारलं."

"मी?"

"मग काय तुझं भूत?"

आम्ही दोघंही हसलो.

डब्यात वडिलांची चिठ्ठी होती. 'तुझी चिठ्ठी पोचली. तुला करमत नाही हे वाचून आई रडली.'

मी चिठ्ठी लिहिली नव्हती.

करमत मात्र खरंच नव्हतं... आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

इथेच माझी चूक झाली. घाबरायचं सोडून मला सोय वाटली. कुणीतरी आपला डबा खातंय, वर धुतंय. खाऊ दे. मी आठवड्यातून चार दिवस मिसळ खाऊ लागलो.

सप्टेंबरात दुसरी चिठ्ठी आली. 'रविवारी येऊन गेलास, बरं वाटलं. विहिरीवरची मोटर तू नीट केल्यापासून झकास चालते.'

रविवारी मी रंगनाथबरोबर मॅटिनीला होतो.

आणि मला साधा बल्ब बदलता येत नाही.

त्या दिवसापासून मी रोज सव्वादहालाच स्टँडवर उभा राहू लागलो. एसटी यायची. मी खिडकीशी पोचायच्या आत...

"नेला की आत्ताच," कोंडाजीमामा म्हणायचे. वळून बघावं तर गर्दी. गर्दीत एक पाठ. माझ्यासारखाच निळा शर्ट.

चौथ्या दिवशी मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रोज रोज केरूचा डबा का मागतो रे तू?"

मी त्याच एसटीत बसलो.

घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. आमचं कुत्रं शेपूट हलवत आलं. पण ते चोरांसमोरही शेपूट हलवतं.

"आई, आलो गं."

तिनं मान वर केली. पदर सावरला.

"या की. आमच्या केरूच्या वर्गातले का तुम्ही?"

"आई, मीच केरू."

ती खळखळून हसली. आत तोंड करून ओरडली, "अवो, ऐकलं का! केरू सांगत व्हता ना, लय मस्कऱ्या मित्र हाय म्हणून? त्यो आलाय!"

वडील बाहेर आले. "राम राम पाव्हणं. बसा. जेवूनच जायचं."

मी लहानपणी झाडावरून पडलो ते सांगितलं. गुडघ्यावरची खूण दाखवली. आई गहिवरून म्हणाली, "आगबाई, आमच्या केरूलाबी अशीच हाय." मी रडायला लागलो, तर वडील टाळी देऊन म्हणाले, "नक्कल झ्याक करता राव!"

आयुष्यभर लोकांना हसवलं. आता थांबवता येईना.

आईनं वाढलं. आग्रह करकरून वाढलं. मला ती कधीच एवढं तूप वाढायची नाही.

"थांबा ना, केरू येईलच. मळ्यात गेलाय."

मागच्या दारी कुणीतरी पाय धूत होतं. तांब्याचा आवाज... मग कडी...

मी पुढच्या दारानं पळालो. हातही धुतला नाही.

त्यानंतर मी पास झालो. दोन्ही वर्षं. खोलीभाड्याच्या पावतीवर माझंच नाव असतं, रंगनाथ मला केऱ्याच म्हणतो. फक्त दिंडोरीच्या पलीकडे मी कुणी नाही. वर्षातून एकदा जातो. तो नेमका मळ्यात असतो. आई विचारते, "तुमची आई बरी हाय ना?"

मी म्हणतो, बरी आहे.

परवा खोलीवर पत्रिका आली. आईवडिलांची नावं बरोबर आहेत. खाली, 'चि. केरू'. मुलगी दिंडोरीची आहे, चांगली आहे, तिला पाहिल्याचं मला आठवतं.

सोबत वडिलांच्या अक्षरात एक ओळ. 'पाव्हणं, तुम्ही नाही आलात तर केरू मांडवात उभा राहणार नाही म्हणतो.'

लग्न रविवारी आहे.

तीन वर्षांत त्यानं मला पहिल्यांदाच बोलावलंय... आणि का, ते मला कळत नाही.