भयपट्टी

कुंभार्ली घाटातल्या एका वळणावर निशिकांत राजेशिर्केच्या मानेत गार कळ उठली आणि त्याने गाडीचा वेग आणखी कमी केला. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नचा सपाटा लावला. शेवटी पुढे निघताना खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "ओ काका, ढकलू का जरा?" वर्षभरापूर्वी निशिकांतने त्याला पुढच्या वळणावर गाठून सव्याज उत्तर दिलं असतं. आज तो स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून, जीव मुठीत धरून खाली उतरत राहिला.

हे सगळं एका नमस्कारामुळे झालं होतं. घाटातलं देवीचं देऊळ आलं की स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडायचे, ही त्याची जुनी सवय. त्याच्या वडिलांचीही होती, आणि त्या घाटातल्या निम्म्या ड्रायव्हरांची असावी. देवीने कधी तक्रार केली नाही. पण रस्त्यावर नव्याने बसवलेल्या कॅमेऱ्यांना भक्तीचं काय सोयरसुतक! 'धावत्या गाडीत हात सुटलेले' अशी नोंद पुन्हा पुन्हा झाली आणि त्याचं लायसन्स निलंबित झालं.

मुदत संपल्यावर ते परत मिळालं, पण गाडीला विमा मिळेना. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नव्हती आणि गाडीशिवाय धंदा नव्हता. चिपळूणपासून कराडपर्यंतच्या शीतगृहांची यंत्रं तो दुरुस्त करायचा. निलंबनाचा डाग बघून सगळ्या कंपन्यांनी हात वर केले. एकच तयार झाली आणि तिची अट होती मानेवरची पट्टी. कागदोपत्री नाव सावधानपट्टी. लोक भयपट्टीच म्हणत. वेग वाढला किंवा हात सुटला की गाडी पट्टीला कळवायची आणि पट्टी मेंदूतलं भयकेंद्र जागं करायची. घाबरलेला माणूस अपघात करत नाही, असं कंपनीचं म्हणणं. पट्टी रात्रंदिवस लावून ठेवायची. काढली की विमा रद्द.

सुरुवातीला त्याला हसू यायचं. मग ही भीती गाडीतून उतरून त्याच्यामागोमाग घरात शिरली. बायकोने, सुनेत्राने, कुकर लावला की तो अंगणात जाऊन उभा राहायचा. जिना उतरताना कठडा सोडवत नसे. आणि सगळ्यात जास्त धास्ती वाटायची ती रेवाची, त्याच्या सतरा वर्षांच्या मुलीची. वाशिष्ठीला पूर आला की छपरांवर अडकलेल्यांना सोडवणाऱ्या पथकात ती बोट चालवायला शिकत होती. पोरगी थंड डोक्याची आहे, येत्या पावसाळ्यात तिला बोटीवर घेऊच, असं पथकप्रमुख म्हणाले होते. ते ऐकून निशिकांतने गल्लीत पेढे वाटले होते. हल्ली ती नदीकडे निघाली की ती परत येईपर्यंत तो दारातून हलत नसे.

तो घरी पोचला तेव्हा विमा कंपनीच्या सापतेबाई येऊन बसल्या होत्या. विम्याचं वर्ष संपत आलं होतं. चहा पिता पिता त्यांनी टॅब पुढे केला.

"तुमचा विमा चालूच राहील, दादा. त्याची काळजी नको. पण यंदापासून कुटुंब योजना आलीय. मुलगी उद्या गाडी शिकणारच ना? तिलाही आत्ताच पट्टी लावून घ्या. सक्ती अजिबात नाही. ती सज्ञान होईपर्यंत पालकांची संमती पुरते."

"काही नको," सुनेत्रा म्हणाली. "बोटीवर हीच भ्यायली, तर छपरावर बसलेल्यांनी कुणाकडे बघायचं?"

"बाबा, पट्टी लागली तर मला बोट सोडावी लागेल," रेवा म्हणाली. "तुम्हीच सांगा यांना."

निशिकांतला ते पटत होतं. घरात एक भित्रा पुरे, असं म्हणून हसत नकार द्यायचा, हे त्याचं ठरलंही होतं.

"निर्णय तुमचाच," सापतेबाई टॅबवर बोट फिरवत म्हणाल्या. "फक्त एवढाच विचार करा, पाण्यातून एखाद दिवशी ती परत आली नाही तर?"

मानेत गार कळ उठली. इतकी जोरात ती घाटातही कधी उठली नव्हती. त्याला दरदरून घाम फुटला. उलटलेली बोट दिसली, गढूळ पाणी दिसलं, आणि काय करतोय हे कळायच्या आत त्याने अंगठा टॅबवर दाबला.

कळ तत्क्षणी थांबली. वर्षभरात लाभली नव्हती एवढी शांतता वाटली. रेवा एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होती. मग ती आत निघून गेली आणि सुनेत्रा तिच्यामागे धावली.

सापतेबाई टॅब पर्समध्ये ठेवू लागल्या. निशिकांतने घाम पुसला आणि त्याची नजर खिडकीबाहेर गेली. गाडी अंगणात बंद उभी होती. तो इथे खुर्चीत बसला होता. ना वेग होता, ना स्टिअरिंगवरून हात सुटला होता.

मग पट्टीला कळवलं कोणी?

तेच विचारायला त्याने तोंड उघडलं. सापतेबाईंचा हात पर्समध्येच थबकला, आणि त्याची मान पुन्हा गार पडू लागली.